दम लागणे म्हणजे म्हातारपण नव्हे

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात आरोग्यसेविका, आशा कार्यकर्त्या व हितचिंतक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संकलित मजकूर)



या मेळाव्यात एखाद्या आजाराविषयी सविस्तर बोलण्याचा आपला प्रघात आहे. हिवताप, सिकलसेल, क्षयरोग, सर्पदंश हे विषय आपल्या परिचयाचे आहेत. यंदा आम्ही असा आजार निवडला आहे की ज्याला आपल्या भागात स्वतंत्र नावच नाही. कोणी त्याला दमा म्हणतात, कोणी जुना खोकला म्हणतात, आणि बहुतेक घरांत ‘आता वय झाले’ एवढे म्हणून त्याचा विषय संपतो. वैद्यकशास्त्रात त्याला ‘क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह पल्मनरी डिसीज’, म्हणजे फुफ्फुसांचा दीर्घकालीन अवरोधक विकार असे नाव आहे. आजच्या विवेचनात आम्ही त्याचा उल्लेख ‘सीओपीडी’ असा करू.

हा आजार किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३५ लाख माणसे या आजाराने मृत्यू पावली. मृत्यूच्या कारणांत त्याचा क्रमांक चौथा लागतो. आपल्या देशातील रुग्णांची संख्या १९९० साली सुमारे २ कोटी ८१ लाख होती, ती २०१६ साली ५ कोटी ५३ लाखांवर गेल्याचा अंदाज ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्याच अभ्यासात, या आजारामुळे भारतात वाया गेलेल्या निरोगी आयुष्यवर्षांपैकी ५३.७ टक्के हवेच्या प्रदूषणामुळे, २५.४ टक्के तंबाखूमुळे आणि १६.५ टक्के व्यवसायातील धूळ-धुरामुळे गेल्याचे म्हटले आहे. घरातील चुलीचा धूर हा हवेच्या प्रदूषणातच मोडतो. ही क्रमवारी ध्यानात ठेवावी, कारण आमच्याकडून झालेली एक चूक याच क्रमवारीशी निगडित आहे.

न विचारलेला प्रश्न

पौष महिन्यातील कडाक्याच्या थंडीत गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागातून पन्नाशीच्या आतबाहेरची एक बाई आमच्याकडे दाखल झाली. ओठ निळसर, दोन शब्द बोलल्यावर थांबावे लागत होते, पावलांवर सूज. सोबत मुलगा आणि सून. जवळच्या पिशवीत जुन्या चिठ्ठ्या होत्या. एके ठिकाणी तिच्यावर क्षयरोगाचे उपचार झाले होते; थुंकी तपासल्याची नोंद कोठे आढळली नाही. दुसऱ्या ठिकाणी ‘दमा’ असे लिहून इंजेक्शने दिली होती. दोन वर्षांपूर्वी ती आमच्याच बाह्यरुग्ण विभागात येऊन गेली होती. आमच्या कागदावर लिहिलेले होते : ‘विडी नाही. तंबाखू नाही. वयोमानानुसार दम.’

तिच्या गावापासून रस्त्याला लागायला काही तास चालावे लागते. एवढ्या अंतरावरून आलेल्या रुग्णाला आम्ही ‘विडी ओढता का?’ हा एकच प्रश्न विचारला, आणि ‘नाही’ हे उत्तर ऐकून आमची चौकशी संपली. या वेळी आमच्या एका परिचारिकेने तिला विचारले, ‘मावशी, चुलीजवळ किती वर्षांपासून बसता?’ ती म्हणाली, आठ-नऊ वर्षांची असल्यापासून. एकाच खोलीचे घर, खिडकी नाही, पावसाळ्यात ओले सरपण, हिवाळ्यात रात्रभर त्याच खोलीत पेटती शेकोटी. चाळीस वर्षांहून अधिक काळ दररोज चार-पाच तास ती धूर ओढत होती, आणि आमच्या कागदावर मात्र तिची नोंद धूम्रपान न करणारी अशी होती.

त्या दिवसापासून आम्ही आमचा तपासणीचा कागद बदलला. आजचे हे व्याख्यान त्या बदललेल्या कागदाचे विवरण आहे, असे समजावे.

आजाराचे स्वरूप

आपली श्वासनलिका छातीत शिरल्यावर झाडाच्या फांद्यांप्रमाणे विभागत जाते आणि शेवटी द्राक्षांच्या घडासारख्या असंख्य सूक्ष्म वायुकोशांत संपते. प्राणवायू रक्तात मिसळतो तो या वायुकोशांतून. धूर आणि धूळ वर्षानुवर्षे आत जात राहिली की दोन गोष्टी घडतात. बारीक श्वासनलिकांना आतून सूज येते, त्यांत कफ साचतो आणि त्या अरुंद होतात. दुसरीकडे वायुकोशांच्या भिंती झिजतात आणि फुफ्फुसांची लवचिकता जाते. हवा आत जाते, परंतु पुरती बाहेर पडत नाही. जुनी हवा अडकून राहिल्यामुळे नव्या हवेला जागा मिळत नाही, आणि रुग्णाला श्वास अपुरा वाटू लागतो.

दम्यात नलिकांचे आकुंचन मुख्यतः तात्पुरते असते. झटका ओसरला की माणूस बहुधा पूर्ववत होतो. सीओपीडीमध्ये झालेली हानी भरून येत नाही. ती पुढे वाढू न देणे हेच उपचाराचे मुख्य उद्दिष्ट असते. म्हणून लवकर ओळखण्याला येथे फार मोल आहे.

आपल्या जिल्ह्यांतील कारणे

पहिले कारण विडी. उन्हाळ्याच्या तोंडावर आपल्या जंगलात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. हजारो कुटुंबांच्या वर्षाच्या मिळकतीचा मोठा भाग त्या काही आठवड्यांत हाती पडतो, हे आम्ही जाणतो. परंतु तोच पत्ता तंबाखू गुंडाळून परत येतो. विडी सिगारेटपेक्षा सौम्य असते हा समज चुकीचा आहे. पत्त्यातून हवा सहज जात नाही, विडी विझू नये म्हणून वारंवार आणि जोराने झुरके घ्यावे लागतात, आणि धूर अधिक खोलवर जातो. येथे खर्र्याविषयीही एक खुलासा करणे आवश्यक आहे. खर्रा धूर निर्माण करीत नाही, त्यामुळे तो सीओपीडीचे प्रमुख कारण नव्हे. तो तोंडाच्या कर्करोगाचा मार्ग आहे. म्हणून ‘विडी सोडली, आता फक्त खर्रा खातो’ असे सांगणाऱ्याचे अभिनंदन करण्याची घाई करू नये. गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ अभियानाने दारूबरोबर तंबाखूचाही प्रश्न गावागावांत चर्चेला आणला आहे. त्या चर्चेत फुफ्फुसांचा मुद्दाही यावयास हवा.

दुसरे कारण चूल. लाकूड, काटक्या, गोवऱ्या, तुराट्या जळताना निघणाऱ्या धुरातील सूक्ष्म कण थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक मूल्यांनुसार अशा सूक्ष्म कणांची चोवीस तासांची सरासरी दर घनमीटर हवेत १५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. भारतीय मानकानुसार ही मर्यादा ६० आहे. बंद खोलीत चूल पेटलेली असताना हे प्रमाण कित्येक शेकड्यांत जाते. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांतील सीओपीडीवर लेख लिहून जगाचे लक्ष वेधले होते. जगात धूम्रपान करणारे सुमारे शंभर कोटी, तर चुलीच्या व तत्सम धुरात राहणारे सुमारे तीनशे कोटी, हा त्यांचा हिशेब होता. आपल्या आदिवासी भगिनींना तो हिशेब पुस्तकातून शिकण्याची गरज नाही.

तिसरे कारण जंगलाचा धूर. मोहफुले वेचताना झाडाखालची जमीन स्वच्छ दिसावी म्हणून पालापाचोळा जाळतात. तेंदूला नवी पालवी चांगली फुटावी या समजुतीनेही आग लावली जाते. त्यातून वणवे पेटतात आणि उन्हाळ्याच्या आरंभी कित्येक गावांवर धुराचा थर बसतो. ज्यांची फुफ्फुसे आधीच दुबळी आहेत, त्यांचा त्रास अशा दिवसांत हमखास वाढतो. वनविभागाचे हंगामी मजूर आग विझविण्यासाठी साध्या कपड्यांनिशी धुरात शिरतात. त्यांचाही विचार व्हावा.

चौथे कारण खाणी व कारखाने, आणि ते विशेषतः चंद्रपूरच्या बाजूचे आहे. चंद्रपूर-बल्लारपूर परिसरात शंभर वर्षांहून अधिक काळ कोळसा निघतो. येथील औष्णिक विद्युत केंद्रातून १९८० च्या दशकापासून वीज निर्माण होते आणि त्याची आजची क्षमता २९२० मेगावॅट आहे. घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर या भागांत सिमेंटचे कारखाने आहेत. हवा, पाणी व जमीन यांच्या प्रदूषणाचा एकत्रित निर्देशांक केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली काढला, तेव्हा चंद्रपूरचा गुणांक ८३.८८ आला आणि देशात चौथा क्रमांक लागला. या उद्योगांवर हजारो घरे चालतात आणि ती चालली पाहिजेत. परंतु खाणीत, कोळसा वाहतुकीत, क्रशरवर, भात गिरणीत काम केलेल्या माणसाचा खोकला तपासताना त्याचा व्यवसाय विचारणे हे आपले कर्तव्य आहे. खाणकामगारांची ठराविक काळाने तपासणी व्हावी असा कायदा आहे. ठेकेदाराकडे रोजंदारीवर राबणाऱ्याने ती झाली का हे आवर्जून विचारावे. कामगार वस्त्यांतील कोळशाची शेगडी म्हणजे तर घरात आणलेली खाणच होय.

पाचवे कारण जुना क्षयरोग आणि बालपणातील आजार. क्षयरोग पूर्ण बरा झाला तरी फुफ्फुसांवर व्रण राहतात आणि पुढे श्वासनलिका अरुंद होऊ शकतात. तसेच फुफ्फुसांची क्षमता वयाच्या विशी-पंचविशीपर्यंत वाढत असते. जन्मतः कमी वजन, कुपोषण, वारंवार न्यूमोनिया यांमुळे ती पुरती वाढतच नाही. असे मूल तारुण्यात पदार्पण करते तेच तुटपुंज्या भांडवलावर. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने याच गडचिरोलीच्या गावांत हे दाखवून दिले की, प्रशिक्षित ग्रामीण कार्यकर्ते व सुईणी न्यूमोनिया ओळखून उपचार करू शकतात आणि त्याने बालमृत्यू घटतात. ते संशोधन १९९० साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. बाळाच्या न्यूमोनियावर वेळेवर झालेला उपचार त्याचा जीव तर वाचवितोच. त्याची उतारवयातील फुफ्फुसेही राखण्यास मदत करतो.

लक्षणे कशी ओळखावीत

तीन लक्षणे प्रमुख आहेत : दीर्घकाळचा खोकला, कफ आणि श्रमाने लागणारा दम. खोकला बहुधा सकाळी अधिक असतो. प्रारंभी तो हिवाळ्यापुरता असतो, नंतर वर्षभर राहतो. छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. परंतु रुग्ण खोकल्यासाठी येत नाही, दमासाठी येतो. आणि तोही फार उशिरा येतो, कारण माणूस नकळत आपली कामे कमी करीत जातो.

म्हणून ‘दम लागतो का?’ असे विचारू नये. उत्तर ‘नाही’ असेच येते. त्याऐवजी कामाविषयी विचारावे. पाण्याची गुंडी घेऊन चढावर थांबावे लागते का? आठवडी बाजाराला जाताना बरोबरीची माणसे पुढे निघून जातात का? सपाट वाटेवर शंभर पावले चालल्यावर उभे राहावे लागते का? लुगडे नेसताना, अंघोळ करताना धाप लागते का? आणि शेवटी, पूर्वी करीत होता असे कोणते काम आता सोडून दिले? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा निदानाच्या जवळ नेते. आमच्या त्या रुग्णाने तीन हंगामांपासून मोहफुले वेचायला जाणे सोडले होते. घरच्यांनी त्याला म्हातारपण म्हटले, आणि आम्हीही.

आजार वाढल्यावर वजन घटते, छाती पिंपासारखी फुगलेली दिसते, रुग्ण ओठांचा चंबू करून श्वास सोडतो, हृदयावर ताण येऊन पाय सुजतात. दम एकाएकी वाढणे, कफ हिरवा-पिवळा होणे, ओठ-नखे निळी पडणे, रुग्ण गुंगीत जाणे ही धोक्याची चिन्हे होत. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णाला हलवावे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा गावांतील जुन्या रुग्णांची औषधे मृगापूर्वीच घरात असली पाहिजेत.

निदान आणि उपचार

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या प्रत्येकाची थुंकी क्षयरोगासाठी प्रथम तपासावी. संध्याकाळचा ताप, थुंकीतून रक्त, झपाट्याने घटणारे वजन असेल तर विशेष तत्परता हवी. तपासणीत क्षयरोग न आढळल्यास केवळ संशयावरून पुन्हा पुन्हा त्याचीच औषधे देत राहू नयेत. सीओपीडीचे निश्चित निदान श्वसनमापन यंत्राने, म्हणजे स्पायरोमेट्रीने होते. रुग्णाने पूर्ण श्वास घेऊन जोराने फुंकायचे असते. एकूण सोडलेल्या हवेपैकी पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा, श्वासनलिका रुंदावणारे औषध दिल्यानंतरही ७० टक्क्यांपेक्षा कमी भरली, तर अवरोध कायमचा आहे असे समजतात. यात सुई नाही, वेदना नाही.

‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत २०२० साली गावोगाव ऑक्सिमीटर पोहोचले. त्यांतील चालू स्थितीत असलेले आजही उपयोगी पडतात. मात्र आकडा चांगला आला म्हणजे आजार नाही, असा अर्थ काढू नये. प्रारंभीच्या आजारात तो चांगलाच असतो.

उपचारांत पहिले स्थान औषधाला नाही, धूर थांबविण्याला आहे. फ्लेचर आणि पेटो या ब्रिटिश संशोधकांनी १९७७ सालीच दाखवून दिले की, धूम्रपान सोडल्यावर गेलेली क्षमता परत येत नाही, परंतु पुढील ऱ्हासाचा वेग मंदावतो. म्हणून ‘आता सोडून काय उपयोग’ या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही वयात ‘उपयोग आहे’ असेच आहे.

औषधांत श्वासावाटे घ्यावयाचा पंप हा मुख्य आधार. ‘पंपाची सवय लागते’, ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’ हे गैरसमज आपल्या भागात खोल रुजले आहेत. वस्तुस्थिती अशी की पंपातील औषध अत्यल्प मात्रेत थेट फुफ्फुसांत जाते. उलट बाजारात फिरत्या माणसाकडून घेतलेल्या ‘दम्याच्या पुडी’त अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले असते, त्याने तात्पुरता आराम पडतो आणि पुढे हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. पंप स्पेसर नळीसह कसा घ्यावा हे रुग्णाकडून प्रत्यक्ष करवून घ्यावे; नुसते सांगून भागत नाही. रोज थोडे चालणे, ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडणे, पुरेसा आहार आणि इन्फ्लुएंझाची लस यांनीही फरक पडतो. प्राणवायू हे सर्वांसाठीचे औषध नव्हे. तो मोजूनच द्यावा लागतो. या रुग्णांत ऑक्सिमीटरचा आकडा ८८ ते ९२ च्या दरम्यान राखणे योग्य मानतात, कारण अतिरेकाने गुंगी वाढू शकते.

घराघरांत काय करता येईल

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि अनेक घरांत गॅसची शेगडी पोहोचली. परंतु सिलिंडर संपला की भरण्यासाठी पैसे लागतात, अंतर कापावे लागते; सरपण मात्र जंगलात असते. म्हणून चुलीला नावे ठेवून आम्ही थांबणार नाही. सरपण वाळवून छपराखाली ठेवावे. शक्य तेव्हा पडवीत किंवा अंगणात रांधावे. चुलीच्या वर छपरात धूर जाण्यास वाट ठेवावी. निर्धूर चूल असल्यास तिची नळी नियमित साफ करावी, नाहीतर ती धूर घरातच सोडते. तान्हे मूल पाठीशी बांधून चुलीजवळ बसू नये. गॅस थोडाच असेल तर तो गर्भवतीच्या आणि खोकणाऱ्या माणसाच्या घरात आधी वापरावा. यांपैकी एकाही उपायाने धूर पूर्ण नाहीसा होत नाही. कमी मात्र निश्चित होतो, आणि चाळीस वर्षांच्या हिशेबात त्या कमीलाही किंमत आहे.

शेवटी आमच्या त्या रुग्णाकडे परत येतो. बारा दिवसांनी ती घरी गेली. पंप तिच्या कमरेच्या पिशवीत असतो आणि ती अंगणापर्यंत न थांबता चालते. मोहफुले वेचायला ती पुन्हा जाऊ शकणार नाही. आम्ही दोन वर्षांपूर्वी योग्य प्रश्न विचारला असता तर कदाचित गेली असती, ही खंत आम्ही मनातून काढलेली नाही. तपासणीसाठी ती पुन्हा आली तेव्हा आम्ही विचारले, ‘आता चुलीजवळ कोण बसते?’ तिने सुनेकडे बोट दाखविले. सून विशीतली आहे, तिच्या कडेवर मूल होते, आणि ती खोकत नव्हती.

आरोग्यसेविका भगिनींनो, आपले काम त्या सुनेपासून सुरू होते. आपल्या नोंदवहीत विडीच्या रकान्याशेजारी चुलीचा, कामाचा आणि जुन्या क्षयरोगाचा असे आणखी तीन रकाने आजच आखून घ्यावेत, एवढीच या व्याख्यानाच्या निमित्ताने आमची विनंती आहे.